आधी रुमाल मोजावेत

जुन्या कागदांच्या जतनासाठी आणि डिजिटल प्रतींसाठी अनुदानाचा अर्ज लिहायला बसण्याआधी रुमाल (जुने कागद बांधून ठेवलेली कापडी गाठोडी) मोजावेत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, रामदुर्ग या पट्ट्यात देसाई-कुलकर्ण्यांच्या वाड्यांत, मठांत आणि वाचनालयांच्या माळ्यांवर जुना कागद किती पडून आहे, याचा अंदाज जो तो सांगतो. आकडा कुणापाशीच नसतो. ‘असंख्य दुर्मीळ कागदपत्रं’ या शब्दांवर कुणी पैसे देत नाही. ‘सत्तावीस रुमाल, एकोणीस मोडी, पाच इंग्रजी-मोडी मिश्र, तीन कन्नड, सुमारे ४०,००० पानं, चार रुमालांना वाळवी’ एवढं सांगता आलं की समोरचा माणूस कागद पुढे ओढून वाचायला लागतो.

मोजायचं म्हणजे वाचायचं नाही. रुमाल सोडायचा, आतल्या जुड्या मोजायच्या, दर दहा जुड्यांतली एक उघडून तिची पानं मोजायची आणि त्यावरून बाकीच्यांचा हिशेब मांडायचा. प्रत्येक रुमालातला दिसेल तो सर्वांत जुना आणि सर्वांत नवा सन टिपायचा. कसर, वाळवी, पाण्याचा डाग, बुरशी यांपैकी काय आहे ते लिहायचं. मोजपट्टी शेजारी ठेवून मोबाइलवर दोन फोटो काढायचे. याला पैसे लागत नाहीत. मोडी ओळखणारा एक माणूस आणि धूळ सोसणारा दुसरा, एवढं पुरतं. एक मात्र पाळावं. बोरूने लिहिलेल्या जुन्या दस्तांची शाई बहुधा काजळीची असते आणि ती पाण्याने सुटते. ओल्या फडक्याने धूळ पुसण्याचा उत्साह कुणी दाखवला तर त्याला तिथेच थांबवावं. मऊ कोरडा ब्रश वापरावा.

ही यादी म्हणजे निम्मा अर्ज. तिच्यावरूनच आपला कागद कुठल्या दारात न्यायचा ते ठरतं आणि सीमाभागातले बहुतेक अर्ज इथेच चुकतात. दार निवडलेलं असतं, कागद काय आहे ते पाहिलेलं नसतं.

राष्ट्रीय पांडुलिपी मिशनचंच पाहा. २००३ साली केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाने ते सुरू केलं आणि २०२५-२६च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ या नावाने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचं सर्वेक्षण आणि जतन जाहीर झालं. हे ऐकून घरोघरच्या मोडी दप्तरांची आशा पालवते. पण मिशनची हस्तलिखिताची व्याख्या अशी, की मजकूर हाताने लिहिलेला आणि किमान ७५ वर्षं जुना हवा आणि त्याला शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा कलात्मक मोल हवं. शिळाप्रेस आणि छापील ग्रंथ त्यात बसत नाहीत. फर्मानं, महसुली नोंदी, म्हणजे घटनांची थेट माहिती देणारे दस्त, हेही त्याच व्याख्येने बाहेर राहतात. आपल्याकडच्या रुमालांत असतं काय? ताळेबंद, पाहणीचे खर्डे, इनामाच्या सनदा, वतनाचे वाद, सावकारी हिशेब. मठातली ‘विवेकसिंधु’ची किंवा एखाद्या पुराणाची पोथी या दारातून आत जाईल, देसायांचं दप्तर जाणार नाही. म्हणून एकाच वाड्यातल्या पोथ्या आणि दप्तर यांच्या याद्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवाव्यात.

दप्तरासाठी सर्वांत जवळचं दार लंडनचं आहे, हे विचित्र वाटलं तरी खरं आहे. ब्रिटिश लायब्ररीचा ‘एन्डेन्जर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम’ २००४ पासून आर्केडिया या निधीच्या पैशावर चालतो आणि धोक्यात असलेला आधुनिकपूर्व काळातला लेखी ठेवा हाच त्याचा विषय आहे. मूळ कागद देशाबाहेर न्यायचा नाही, डिजिटल प्रत स्थानिक संस्थेत राहील आणि एक प्रत त्यांच्याकडे जाईल, अशी त्यांची रीत. महसुली की धार्मिक, याचं त्यांना वावडं नाही. विसाव्या शतकातला ऐवज असेल, म्हणजे वर्तमानपत्रांच्या फायली, नाट्यमंडळांची हस्तपत्रकं, सीमालढ्यातले फोटो, भाषणांच्या कॅसेटी, तर लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा (यूसीएलए) ‘मॉडर्न एन्डेन्जर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम’ पाहावा; २०१८ पासून तोही आर्केडियाच्याच निधीवर चालतो. बंगळुरूचं ‘इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स’ भारतीय भाषांतले प्रस्ताव स्वीकारतं, म्हणजे अर्ज सरळ मराठीत लिहिता येतो. इंग्रजीच्या धास्तीने कितीतरी चांगले प्रकल्प कागदावरही येत नाहीत, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. मात्र त्यांचा कल कला आणि संस्कृतीच्या अभ्यासाकडे. नुसतं ‘फोटो काढून ठेवू’ तिथे पुरत नाही, त्या कागदांना विचारायचा प्रश्न लागतो.

परदेशी पैसा म्हटलं की एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचं नियमन करणारा कायदा, आलाच. २०१० च्या या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्त्या न वाचता परदेशी अर्ज करणं म्हणजे मंजूर झालेली रक्कम दारातून परत पाठवण्याची तयारी. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. गावातल्या वाचनालयाला हा आकडा गाठणं कठीणच. मग दोन वाटा उरतात. पहिली पूर्वपरवानगीची: एकाच देणगीदाराकडून, एकाच कामासाठी, देणगीदाराचं हमीपत्र जोडून. दुसरी, आधीच नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेबरोबर जाण्याची. या दुसऱ्या वाटेवर एक खड्डा आहे. २०२० पासून आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, तिचीही नोंदणी असली तरी. ‘विद्यापीठ पैसे घेईल आणि आपल्या खात्यात टाकेल’ असा करार मुळातच बेकायदा ठरतो. कॅमेरा मोठ्या संस्थेने विकत घ्यायचा, मानधन तिनेच थेट माणसांच्या खात्यात द्यायचं. वाचनालयाने जागा, कागद आणि देखरेख द्यायची. करारात हे असंच्या असं लिहावं. प्रशासकीय खर्च परदेशी निधीच्या २० टक्क्यांवर जाता कामा नये आणि पैसा येतो तो स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच. गावातल्या बँकेत तो पुढे वळवता येतो, पण त्या व्यवस्थेला वेळ लागतो. म्हणून प्रकल्पाचा पहिला महिना खर्चाविना धरावा.

देशातला पैसा सोपा वाटतो, पण त्याचीही कुलपं आहेत. केंद्र सरकारच्या योजनेला ‘एनजीओ दर्पण’ या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरचा क्रमांक लागतो. शेवटी खर्चाचं प्रमाणपत्र सरकारी वित्तीय नियमांतल्या (जीएफआर) १२-ए या नमुन्यात द्यावं लागतं आणि अनुदान बँकेत पडून असताना मिळालेलं व्याजसुद्धा सरकारला परत करावं लागतं. ते व्याज वापरून टाकलं तर लेखापरीक्षणात वर येतंच. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या किंवा साखर पट्ट्यातल्या कंपन्यांकडे सीएसआरसाठी, म्हणजे त्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीसाठी, जायचं तर संस्थेची सीएसआर-१ नोंदणी हवी. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात राष्ट्रीय वारसा, कला, संस्कृती आणि सार्वजनिक वाचनालयं यांचा उल्लेख आहे. अर्जात त्याच कलमावर बोट ठेवावं. कंपन्या शाळेच्या खोल्या बांधून देतात याचं कारण खोलीचा फोटो काढता येतो. दप्तराचंही काहीतरी दाखवता येण्यासारखं त्यांच्यापुढे ठेवावं लागतं: त्याच गावच्या पाण्याच्या वाटपाचा, बाजारपेठेचा, पेठेतल्या व्यापाऱ्यांचा एखादा दस्त, लिप्यंतरासह.

सीमाभागातल्या संस्थेची खास अडचण नावाची आहे. संस्था मुंबई राज्याच्या काळात नोंदलेली, जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला, शहराचं अधिकृत नाव २०१४ च्या त्याच तारखेला बेळगावी झालं. नोंदणीपत्रावर एक नाव, पॅनवर दुसरं, बँकेच्या पुस्तकात तिसरं, त्यात मराठी ‘वाचनालय’चं इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हांचं. ऑनलाइन अर्जात ही नावं जुळली नाहीत की अर्ज छाननीलाच पोहोचत नाही. अनुदानाचा विचार मनात येईल त्या दिवशी पॅन, नोंदणीपत्र, आयकराची १२-ए आणि ८०-जी प्रमाणपत्रं आणि पासबुक टेबलावर मांडून अक्षर न् अक्षर जुळवावं. दुरुस्तीला महिने जातात आणि अर्जाची खिडकी काही आठवडेच उघडी असते.

आता जिथे मुख्य गणित चुकतं तिकडे येऊ. बहुतेक अर्जांत यंत्रसामग्रीचा आकडा मोठा आणि माणसांचा लहान असतो. खरं काम उलटं चालतं. वरची ४०,००० पानं घ्या. कॉपी स्टँडवर कॅमेरा, एक जण पान उलटणारा आणि एक टिपणारा, असं धरलं तर चुरगळलेले कागद उलगडत, पट्टी बदलत दिवसाला चारशे पानं हा प्रामाणिक वेग आहे. म्हणजे फोटोंचे शंभर दिवस. आता सूची. सरासरी चार पानांचा एक दस्त धरला तर दस्त झाले दहा हजार. मोडी जाणणारा माणूस दस्त उघडतो, कुणाचं कुणाला पत्र, विषय काय, गाव कुठलं, मिती काय ते पाहतो आणि तक्त्यात भरतो. दिवसाला चाळीस झाले तर चांगलं काम झालं. म्हणजे अडीचशे दिवस. फोटोंच्या अडीचपट. ज्या अर्जात ‘स्कॅनिंग : दहा महिने, सूची : दोन महिने’ असं असतं तो अर्ज तज्ज्ञ परीक्षक तिथेच मिटतो, समजा मंजूर झालाच, तर वर्षअखेर चाळीस हजार निनावी फोटो हातात उरतात आणि त्यांतून कुणालाही काही सापडत नाही. दहा हजार दस्तांची सूची परवडत नसेल तर जुडीवार सूची करावी आणि तसं अर्जात उघड लिहावं. माझ्या मते एकूण खर्चात मानधनाचा वाटा साठ टक्क्यांच्या खाली गेला, तर अर्ज पुन्हा लिहायला घ्यावा. मोडी वाचणाऱ्याला ‘स्वयंसेवक’ म्हणून फुकट धरू नये. ही विद्या आता मोजक्या हातांत उरली आहे. त्या हातांना पैसे देणं हाच जतनाचा मोठा भाग आहे. जमल्यास पदवीच्या दोन मुलांना त्या माणसाच्या शेजारी वर्षभर बसवण्याचं मानधनही मागावं.

महिने ठरवतानाही आपलं हवामान विसरू नये. जून ते सप्टेंबर खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागात पावसाची झोड असते. कागद दमट होतो, पानं चिकटतात, लेन्सवर बुरशी धरते, वीज जाते. फोटोंचं काम ऑक्टोबर ते मे या काळात बसवावं आणि पावसाळा सूचीसाठी ठेवावा. फोटो काढून झालेले असले की सूची पडद्यावरून होते, कागदाला हात लावावा लागत नाही. परदेशी निधीचं वर्ष आपल्या ऋतूंना विचारून सुरू होत नाही. म्हणून वेळापत्रकात हे कारण एका वाक्यात लिहावं. परीक्षकाला त्यातूनच कळतं की अर्जदाराने ती खोली पाहिली आहे.

साठवणुकीच्या हिशेबात चूक होते ती अशी. एफोर आकाराचं पान ३०० पीपीआयला (इंचाला ३०० बिंदू), २४ बिट रंगात, न दाबलेल्या टिफ फाइलमध्ये साधारण २६ एमबी होतं. चाळीस हजार पानांना सुमारे एक टीबी. हे गणित करून लोक एक-एक टीबीच्या डिस्क मागतात आणि मग काम करतात कॅमेऱ्याने. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची न कापलेली टिफ ७२ एमबीची, ४५ मेगापिक्सेलची सुमारे १३६ एमबीची. तीच चाळीस हजार पानं आता जवळपास तीन किंवा साडेपाच टीबी मागतात, आणि प्रती तीन ठेवायच्या असतात. कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या रॉ फाइली ठेवल्या तर आणखी. कॅमेरा निवडताना कागदाचा आकारही पाहावा. मोडी दस्ताला २४ मेगापिक्सेल भरपूर होतात. पण वर्तमानपत्राचं सुमारे ५८ सेंटिमीटर उंचीचं पान त्यात २६० पीपीआयच्या आसपासच बसतं आणि बारीक टाइपाच्या जाहिराती फुटतात. बेळगावात १९१९ साली सुरू झालेल्या ‘तरुण भारत’सारख्या पत्रांच्या जुन्या फायली करायच्या असतील तर ४५ मेगापिक्सेल मागावा आणि का मागतोय ते हा हिशेब देऊन सांगावं. सामग्रीच्या किमतीत जीएसटी धरला आहे की नाही, हे दोनदा पाहावं. मंजुरीनंतर १८ टक्के कुठून आणायचे, या प्रश्नाला उत्तर नसतं. इन्व्हर्टर चैन नाही; टिफ लिहिली जात असताना वीज गेली की फाइल अर्धी राहते आणि ते महिन्यांनी कळतं. रोज संध्याकाळी चेकसम (फाइल बिघडली की बदलणारा तिचा खूण-आकडा) काढून तपासण्याची सवय या एका कारणासाठीसुद्धा पुरेशी आहे.

फाइलींची नावं रोमन अक्षरांत आणि आकड्यांतच ठेवावीत: संस्थेची खूण, रुमाल, दस्त, पान, प्रत्येक आकडा चार अंकी. ०००१ ऐवजी नुसता १ लिहिला की १ नंतर १० आणि मग २ असा क्रम लागतो. देवनागरी नावं काही जुन्या प्रणालींत आणि झिप करताना मोडतात. सूचीत मात्र देवनागरी हवीच. मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक प्रमाणात, २०१४ साली, सातव्या आवृत्तीत, जागा मिळाली, त्यामुळे अवघड शब्द मोडीतच टंकून ठेवता येतो. तारखांसाठी दोन रकाने ठेवावेत, दस्तातली मिती जशीच्या तशी आणि इसवी सन वेगळा. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे शुहूर सन (मोडी दस्तांत अरबी संख्याशब्दांनी लिहिली जाणारी कालगणना) ११७१, त्यात ५९९ मिळवले की १७७०. पण हे वर्ष मृगापासून मृगापर्यंत चालतं, म्हणून इसवी रकान्यात १७७०-७१ लिहावं. एकच साल लिहून मोकळं झालं तर पुढचा संशोधक वर्षभराने चुकतो.

आणि आता ती गोष्ट जिच्यासाठी हे सगळं लिहावंसं वाटलं. या भागातला कागद जिथे लिहिला गेला तिथेच राहिला, राज्यं बदलली. बेळगाव जिल्हा १८३६ पासून मुंबई इलाख्यात, शेजारी कोल्हापूर, सांगली, रामदुर्ग, जमखंडी ही संस्थानं. कारभाराची लेखणी मोडी, रयत दोन्ही भाषांची, वर इंग्रजी कचेरी. एका प्रकरणात मोडी अर्ज, कन्नड सही आणि इंग्रजी शेरा सापडतो. आज हा ऐवज मुंबईच्या योजनेसाठी राज्याबाहेरचा ठरतो आणि बंगळुरूच्या योजनेला मराठीचा वाटतो. आपणही अर्ज लिहिताना याच फटीला हातभार लावतो: ‘मराठीचा अमूल्य ठेवा’ एवढंच लिहितो आणि जुडीतल्या कन्नड सह्यांचा उल्लेख गाळतो. मराठीच्या प्रेमापोटीच हे होतं, तरी त्यात मराठीचं नुकसान आहे. सूचीचे मुख्य रकाने मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत ठेवावेत. ग्रामनाम दोन्ही रूपांत द्यावं, कारण कन्नड शोधणाऱ्याला ‘बेळगाव’ टाइप करून काही मिळणार नाही आणि मराठी शोधणाऱ्याला ‘बेळगावी’ टाइप करून. मग तोच अर्ज कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाबरोबरही जातो आणि बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाबरोबरही. कन्नड वाचणारा एक सहकारी अर्धवेळ घेतला तर खर्च थोडाच वाढतो. सीमावाद न्यायालयात आहे आणि त्याबद्दल प्रत्येकाची मतं पक्की आहेत. देसायांच्या दप्तरातल्या पाटाच्या पाण्याच्या तंट्याला त्या निकालाची वाट पाहायला लावू नये.

घरातल्या दप्तराची संमती हा वेगळाच नाजूक भाग. वतनाचे कागद बाहेर आले तर जमिनीचा दावा उकरला जाईल ही भीती खरी असते, तिला हसू नये. संमतिपत्र मराठीत आणि कन्नडमध्ये करावं, इंग्रजी अनुवाद जोडावा. त्यात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात: मूळ कागद घरातच राहणार, घराला पूर्ण प्रत मिळणार, कुटुंब सांगेल ते दस्त ठरावीक काळ प्रसिद्ध होणार नाहीत, आणि बाकीचे सर्वांना खुले होतील. सही थोरल्याची एकट्याची चालत नाही. वाटेकरी चार असतील तर चौघांची घ्यावी. पुण्या-मुंबईला असलेल्या भावाची सही राहिली म्हणून शेवटच्या टप्प्यावर प्रसिद्धी अडते.

छापील ऐवजाला कॉपीराइटची चाळणी. १९५७ च्या कायद्याने निनावी मजकुराची मुदत प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपते, नाव असलेल्या लेखकाची त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनानिमित्त छापलेलं निनावी पत्रक आज खुलं आहे. त्याच वेळी छापलेली कविता, कवी १९९० साली वारला असेल तर, २०५० संपेपर्यंत खुली नाही. संपूर्ण खुलेपणाची अट घालणाऱ्या निधीसाठी अर्ज करताना अंकवार नव्हे, मजकुरानुसार हा हिशेब करावा लागतो. तो वेळही वेळापत्रकात मागून घ्यावा.

शेवटचा रकाना बहुतेक जण कोरा ठेवतात: प्रकल्प संपल्यावर काय. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबरहल्ला झाला आणि तिच्या ऑनलाइन सेवा महिनोन्महिने विस्कळीत राहिल्या. एवढ्या मोठ्या संस्थेचं हे होतं, तर आपली एकुलती एक हार्ड डिस्क कपाटात निर्धास्त ठेवता येणार नाही. एक प्रत संस्थेत, दुसरी कोल्हापूर किंवा धारवाडच्या सहयोगी संस्थेत, तिसरी ऑनलाइन. डिस्क चार-पाच वर्षांनी बदलायच्या, वर्षातून एकदा चेकसम तपासायचा; हा खर्च अनुदानात मिळत नाही, म्हणून तो वाचनालयाच्या वार्षिक अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून घालावा आणि सर्वसाधारण सभेचा तसा ठराव अर्जाला जोडावा. ठरावावर तारीख, ठराव क्रमांक आणि अध्यक्ष-चिटणीस या दोघांच्या सह्या असाव्यात.